रेघ

रात्री अकरा चाळीसला मी पहिली रेघ मारली
वेंडेल ब्रूसार्डच्या पोटरीवर,
जांभळ्या मार्करनं, लाली जिथं संपत होती
बरोब्बर तिथं. शेजारी वेळ लिहिली.
तो हसला. म्हणाला, नकाशा काढताय का, नर्सबाई?

गॅल्व्हस्टनच्या धक्क्यावर तो होड्यांचे तळ खरवडतो.
पाठीवर हवेची टाकी, हातात पत्रा,
ऑगस्टचं पाणी विसणासारखं कोमट
आणि इतकं गढूळ की स्वतःचं कोपर दिसत नाही.
काल दुपारी बार्नॅकल लागलं म्हणे.
सूट गुडघ्याखाली फाटलेला, मार्चपासून,
चिकटवू, चिकटवू म्हणत राहिला.
बोटभर चीर. रक्तही धड आलं नाही.
त्यानं वर बिअर ओतली, उरलेली प्यायला,
आणखी दोन होड्या केल्या,
कारण पैसे होडीमागे मिळतात.

यकृताचं विचारलं तर छताकडे बघत राहिला.

साडेबाराला लालीनं रेघ ओलांडली.
मी दुसरी मारली.
एक दहाला तीही मागे पडली.
लहानपणी आम्ही वाळूत टाचेनं रेघ ओढायचो,
भरतीला म्हणायचो, इथवरच हं,
आणि ती यायची. रागानं नाही. नुसती यायची.

दोनला फोड आले, पिकल्या करवंदांसारखे.
डॉक्टर हिनोहोसा केसांना रबर लावत पळत आल्या.
वेंडेल आता हसत नव्हता. विचारत होता,
सकाळी 'मिस लोरेन'ला यायचं कबूल केलंय,
कुणी कळवेल का?
होडीचं नाव ते. मला आधी बायको वाटली.

आई देवबागला कालवं फोडायची.
बोटं पांढऱ्या चिरांनी भरलेली,
हळद, चुना, की परत खाडीत.
तिला कधी काही झालं नाही.
हे मी इथं कुणाला सांगत नाही.
नशीब काही चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

पहाटे वेंडेल खाली आला. जिवंत.
पाय मांडीपर्यंतच.
तिथून पुढं चादर सपाट.
माझ्या तिन्ही रेघा कुठल्याशा बादलीत गेल्या,
वेळांसकट.

सातला ड्यूटी संपली.
पार्किंगमध्ये, गाडी सुरू न करताच,
भाच्याला फोन लावला. तिकडं संध्याकाळ होती.
तो तारकर्लीला पर्यटकांना हात धरून
समुद्राच्या तळाशी नेतो, फोटो काढून वर आणतो.
म्हटलं, पायाबियाला काही लागलंय का रे?

"वायंच खरचटला गो, आत्ये. परवा. काय नाय."

मागे कुणीतरी सिलिंडर आपटला. कुणीतरी हसलं.

पेन आहे का जवळ?

"पेन?"

शोध. मी थांबते.