दाब, सोड

याकूब मेहुण्याच्या लग्नाला लातूरला गेलेला,
म्हणून पेडलवर मी.
निगडीची ट्रान्सपोर्टनगरी, सकाळचे सव्वासात.
चाकांना दगड लावलेले. जुन्या सोळा-तेराची केबिन,
गिअरच्या दांड्याला वाळकं लिंबू, सीटखाली कुणाचा तरी मोजा.

बाजीराव मिसाळ खाली उभा, चहा हातात, न पिता.
"बोगद्यापुढच्या उतारावर पाय दिला
तर गाडी उजवीकडेच ओढते.
डावीकडं जणू चाकंच नाहीत."
उतारावर पुढं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही.
अप्पांनी विचारलंही नाही.

आधी टाक्यांचं पाणी काढलं.
कॉक उघडताच तपकिरी, तेलकट फेस.
"कंप्रेसर तेल सोडतोय. पण तो आजचा आजार नाही."
मग काटा आठवर, इंजिन बंद.
काटा जागेवर.
"दाब."
दाबला. काटा उतरला, तेवढा उतरतोच,
पण मग सावकाश उतरतच राहिला.
म्हणजे गळती माझ्या पायाच्या पलीकडे,
चाकाच्या अलीकडे, कुठेतरी.

मला ऐकू येत होतं.
मागून, डावीकडून,
कुकरची रिंग सैल झाल्यावर येतो तसा.
मी बोलले नाही.
अप्पा पूर्वी चालत्या गाडीची हवा
रस्त्याच्या पलीकडून ओळखायचे.
दिवाळीपासून साबणाचं पाणी वापरतात.
"कान फसवतो, फेस नाही," म्हणतात,
आणि आम्ही दोघं ते खरं धरून चालतो.

"दाब. सोड. दाब. धरून ठेव."
आरशात फक्त त्यांची टाच, डबा, ब्रश.
सगळी चाकं झाली, डावं मागचं शेवटी.
माझी पोटरी थरथरायला लागली होती
तेव्हा चेंबरच्या क्लॅम्पखाली एक फुगा आला,
फुटला,
परत आला.

डायफ्रामला चीर, नखाएवढी.
एवढ्यावर भागलं असतं. पण अप्पा वाकूनच राहिले.
डावीकडचा रॉड चार बोटं बाहेर येत होता,
उजवीकडचा ॲडजस्टर गच्च,
त्यावर पान्ह्याचे ताजे ओरखडे. ड्रम निळा पडलेला.
"हे कुणी आवळलं?"
मिसाळनं गार चहा मातीत ओतला.
"मीच. ढाब्यावर, अंधारात. एकच बाजू जमली."
अप्पांनी नवा डायफ्राम बसवला,
मग पान्हा त्याच्याच हातात दिला.
"लायनर लागेपर्यंत. आता अर्धा आटा मागं. हं."
तो पाठीवर पडून आवळत होता
आणि अप्पा त्याच्याशेजारी, तसेच पडून,
लहान पोराला अक्षर गिरवून घ्यावं तसे.

डायफ्राम एक, क्लॅम्पचे बोल्ट दोन, मजुरी.
ड्रम आणि कंप्रेसर: पुढच्या खेपेला,
असं मी पावतीवर लिहिलं, खाली रेघ ओढली.
पुढच्या खेपा किती जण करतात, माहीत आहे.

गाडी निघाली. कोपऱ्यावरच्या गतिरोधकाशी थांबली,
सरळ थांबली, आणि सुटताना हवा फस्सकन मोकळी झाली.
मी अप्पांकडे पाहिलं.
ते हात पुसत कोपऱ्याकडेच बघत होते.
"लाल दिवा लागला आणि विझला," म्हणाले.
"पाय उचलला त्यानं."