चिनोर, शेत क्रमांक नऊ

जानेवारीचं धुकं ग्वाल्हेरपासून सोबत होतं.
चिनोरच्या फाट्यावर बसमधून
मी एकटीच उतरले, आणि ते.

गेंदाबाई बांधावर उभी,
हातात मोहरीचं एक झाड, मुळासकट.
सगळं रान पिवळं, आणि हे मधूनच वाळलेलं,
पांढरट, भरल्या पंगतीतून
कुणी न जेवता उठावं तसं.

नखानं खोड उभं चिरलं.
आत कापूस. कापसात काळे दाणे,
उंदराच्या लेंड्यांसारखे.
"घुण लागलाय का?"
घुण नाही. बुरशी आहे. झोपलीय.

मग जे दर वर्षी सांगते ते सांगितलं:
दाट पेरू नका. फुलोऱ्यात पाणी तोडा.
बी चाळून घ्या. रोगट खोडं उकिरड्यात नकोत, जाळा.
मे महिन्यात खोल नांगरट.
आणि इथं आता मोहरी नाही. गहू.
"किती वर्षं?"
तीन. चार.
खरं तर मातीलाच विचारावं लागेल.

ती हसली. हनुवटीनंच पलीकडचं शेत दाखवलं.
"थोरले दीर. सात वर्षं झाली, बोलणं नाही.
विहीर एक, मोटारी दोन."

तेव्हा मला तेही सांगावं लागलं
जे आमच्या पत्रकात छापलेलं नसतं:
हे दाणे गारठ्यात मातीवर उघडतात,
मसुराएवढे तपकिरी पेले,
दिसतसुद्धा नाहीत चालताना.
त्यांतून जे उडतं
त्याला बांध कळत नाही, वाटणीपत्रही नाही.
ती काही बोलली नाही.
पदरानं हात पुसत राहिली, पुसून झाल्यावरही.

रात्री प्रयोगशाळेत दाणे मोजले.
अहवाल हिंदीत लिहिते, मोजते मराठीत,
आईच्या पाढ्यांच्या चालीवर.
एका खोडात सतरा.
घरी फोडणीला मोहरी टाकताना
हात अडला. डबा परातीत ओतून बघितला.
काही नव्हतं.
तेल मात्र जळालं.

मार्चमध्ये तिचा फोन.
खोडं पेटवली म्हणाली. दोन ढीग,
एक बांधाच्या ह्या अंगाला, एक त्या.
मी विचारलं, बोलले का दोघं?

"नाही हो.
काडेपेटी मागितली फक्त."