पोच

नऊ वाजता माग थांबतात.
कानात खटखट मात्र आणखी तासभर चालू राहते.
त्या तासात मी टॉवेलांचे फोटो टाकते,
दुपारी गच्चीवर काढलेले,
पाण्याची टाकी आणि चिप्पांची अँटेना
मागं दिसणार नाही अशा बेतानं.

फोटोखाली ती खूण.
"फुलीगोळ्याचा डाव मांडलीस की काय?" आई विचारते.
नाना चष्मा कपाळावर चढवून बघतात.
"दोन ताणे, दोन बाणे.
एवढ्या कापडात नाक तरी पुसून होईल का?"

सुरुवातीला मी तीस-तीस लावले.
#टॉवेल लावला, तर जगभरच्या टॉवेलांच्या ढिगात
आमचा एक, गड्ड्याच्या जत्रेतल्या पोरासारखा हरवला.
#सोलापूर लावला. तिथं
कुणाकुणाचे वाढदिवसाचे फलक,
शेंगाचटणी अर्धा किलो, तळ्यातला चंद्र,
आणि अक्कलकोट रोडला एनए प्लॉट, लगेच ताबा.
#प्रेम पण लावला एकदा, खोटं कशाला बोलू.
#लग्न. #शनिवार.
टॉवेलाचा शनिवारशी काय संबंध,
हे घरातल्या कुणी नाही,
एका अनोळखी बाईनं विचारलं.

मग कमी केले. जे आहे तेच लिहायला लागले.
#सलूनचाटॉवेल. #बाळंतिणीचापंचा.
गल्ली अरुंद, पण तिथं आलेला माणूस थांबून बघतो.
गोंदियाच्या एका सलूनवाल्यानं सहा डझन मागवले.
भाव पाडला, पण पैसे आधी टाकले.

आणि एक खूण मीच पाडली: #सातवामाग.
कुणी वापरत नव्हतं, शोधून बघितलं.
नव्या वसाहतीत पहिलंच घर आपलं असावं,
रस्ता नाही, नळ नाही, तशी ती.
तरी लेबलावर छापून घेतली.

नाना रोज रात्री एकच विचारायचे,
"पोच आली का?"
मी सांगायची, आज चौदाशे.
रीच म्हणजे पोचच की.
पण त्यांची पोच पिवळ्या कागदाची,
ट्रान्सपोर्टवाल्याकडून परत येणारी,
गठ्ठा मिळाला, सही, शिक्का,
पावसाळ्यात एखादीवर: 'एक नग ओला.'
चाळीस वर्षांच्या त्यांनी तारेत ओवून ठेवल्यात,
तारेचं टोक वाकवून, निसटू नयेत म्हणून.
"चौदाशे जणांनी बघितलं म्हणतीस.
मिळालं कुणाला?"

मी बोट काचेवर नुसतं वरखाली करत राहिले.

परवा माझ्या खुणेखाली एक फोटो आला, मी न टाकलेला.
गावाचं नाव नाही.
लोखंडी कठडा, पलीकडं धुकं, असेल तर डोंगर,
आणि कठड्यावर आमचा मोरपंखी,
धुऊन धुऊन राखाडीकडं झुकलेला.
खाली बदाम चार. चारच.

नानांच्या हातात मोबाइल दिला.
त्यांना मोठं करता येत नाही,
मी दोन बोटांनी त्याची कड ताणली. आणखी ताणली.
उजव्या काठापासून चार बोटांवर
वीतभर रिकामी रेघ,
एक धागा तुटून पुढं पुन्हा लागलेला.

"हा मी जोडलोय," नाना म्हणाले.
"दिवाळीच्या आधी. लाईट गेली, आली, परत गेली त्या रात्री.
बादमध्ये टाकायचा होता.
तुझी आई म्हणली, घाला गठ्ठ्यात, कोण बघलालंय."

आई स्वयंपाकघरातून काही बोलली नाही.
भांड्यांचा आवाज तेवढा थांबला.

"ह्याची प्रत निघते का?"

सकाळी अशोक चौकातून झेरॉक्स आणली.
काळीपांढरी. धुकं कुठलं, कापड कुठलं, कळत नाही,
रेघ तेवढी स्वच्छ आली.
नानांनी कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख घातली,
थोडा विचार केला, मग तिच्याखाली
एक नग. कोरडा.
आणि तारेचं टोक सरळ करायला
पक्कड मागितली.