होया तितक्यां

काजूच्या कारखान्यानं दिवाळीला
बोनसच्या पाकिटाऐवजी हे दिलं:
पांढरं, गोल, पोटावर आठ बटणं.
सुगंधानं खोका उघडलाही नाही.
कपाटावर ठेवला, वर जुनी चादर.

मग जून आला. मासेमारी बंद.
लाँच वेंगुर्ल्याच्या रेतीवर ओढून घेतली,
झापांनी शाकारली.
एकसष्ट दिवस माशांना सुट्टी, आणि मला.
तिला नाही.
काजूच्या चिकानं तिच्या बोटांची सालं निघालेली,
तिखटामिठाला हात लागला की
ओठ दाबून दुसरीकडे बघायची.
हे मी बघितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा,
दिवसाउजेडी.

खोका खाली काढला.

मी इंजिनवाला माणूस. काळोखात
नुसत्या आवाजावर सांगतो
कुठला सिलिंडर चुकतोय, कुठला तेल पितोय.
हे मात्र बोलतच नाही.
शिटीची वाट बघत पाऊण तास बसलो
पाटावर, समोरासमोर,
ऑपरेशनच्या दाराबाहेर बसतात तसा.
एकदा टुक् म्हणालं, आणि गप्प.
आत उकड्या तांदळाची पेज व्हायची होती,
वडी झाली होती.
कोंबड्यांनीही आधी मान वाकडी करून बघितली.

पुस्तिकेत बिर्याणी, केक, दही.
पेज नाही. कुळथाची पिठी नाही.
काळ्या वाटाण्यांना बटण नाही,
राजम्याचं चित्र होतं ते दाबलं
आणि रवळनाथाचं नाव घेतलं.
रात्रीच भिजत घालायचे असतात
हे मला वाटाण्यांनीच सांगितलं, दाताखाली.

दुपारी तिला फोन. मागे खटखट,
रांगेनं बायका बी फोडतायत.
"पाणी कितक्यां?"
"बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत."
"तुझ्या काय माझ्या?"
ती हसली. माझं बोट तिच्या दीडपट.
"आणि मीठ? मीठ कितक्यां घालू?"
"होया तितक्यां."
फोन बंद.

मग मी माझ्या रीतीनं गेलो.
डिझेलच्या वहीत नवं पान:
उकडा दोन वाट्या, पाणी चौदा, बावीस मिनिटं.
तूरडाळ. आमसुलं शेवटी,
आधी टाकली तर डाळ हट्टाला पेटते.
बांगडा: दाब नको, झाकणही नको,
पाच तिरफळं ठेचून, आणि जागेवरून हलायचं नाही.
पट्टी घेऊन मिठाचा रकाना आखला.
तो आखलेलाच राहिला.

लाईट गेली की मशीन सगळं विसरतं,
परत आली की चार शून्यं दाखवतं, निरागस.
मी भांड्याच्या अंगाला तळवा लावतो,
पंपाला लावायचो तसा,
आणि उरलेली मिनिटं माझी मी मोजतो.

कितवा दिवस ते वहीत असेल. ती आली, हात धुतले,
चमच्यानं जेवली, हल्ली चमच्यानंच जेवते.
पेज, सुक्या जवळ्याची चटणी.
काही बोलली नाही.
परत वाढून घेतलं.
ताट उचलताना म्हणाली, "जरा दाट झाली."
दाट!
रात्री झोप येईना, तो शब्द
कुशीवर वळवून वळवून बघितला.

नारळ सोडला आणि निघालो.
पंधरा वाव पाण्यात इंजिन एका सुरात आलं,
कान लावून बसलो, तेव्हा आठवलं:
झाकणाचा रबर धुऊन
मागच्या दोरीवर वाळत घातला,
तो तिथंच.
रबराशिवाय ते दाब धरत नाही.
फोनला रेंज नव्हती.
सहाला ती येईल, कपडे काढेल,
चिमट्यात लटकलेलं ते कडं
हातात धरून उभी राहील क्षणभर.
कळेल तिला.

तांडेलाला म्हटलं, आज भात मी टाकतो.
तो माझ्याकडे बघत राहिला,
मग डिझेलचा डबा पायानं सरकवून
स्टोव्हपाशी जागा केली.