पडताळणी

लक्ष्मीपुरीत, धान्यबाजाराच्या तोंडाला
आप्पांचं दुकान: शांतवन भोरे,
काटे व वजने दुरुस्त करून मिळतील.
'मिळतील'मधला ळ पावसानं नेला होता,
तो माझ्या लग्नापर्यंत परत आला नाही.

सकाळी गुळाचे अडते, दुपारी गुजरीतले सोनार.
एकाला रवे तोलायचे, एकाला गुंजेचा फरक छळायचा.
आप्पा दोघांनाही तेच सांगत:
"काटा खोटं बोलत नाही हो,
त्याला बोलायला लावावं लागतं."

आतल्या खणात, निळ्या मखमलीत
एक पितळी किलो होतं.
त्यानं जन्मात पसाभर ज्वारी तोलली नाही.
हात लावायचा नाही, चिमट्यानं उचलायचं,
घामाचंसुद्धा वजन असतं म्हणे.
आम्ही पोरं म्हणायचो, बिनकामाचं.
"बाजारात उतरलं की झिजतंय," आप्पा म्हणायचे,
"ते इथं गप बसलंय म्हणून तर
बाहेर शेराला शेर मिळतोय."

मी दहाची असेन. विचारलं,
हेच बरोबर, हे कोण ठरवतं?
वर्षाआड ते कचेरीत जातं.
कचेरीतलं मुंबईला,
मुंबईचं दिल्लीला,
दिल्लीचं पार पॅरिसला, तिथं काचेच्या घंटेखाली
एक आहे, सगळ्या किलोंचं आजोबा.
"आणि त्याचं?"
आप्पांनी चष्मा काढला, फुंकर मारली,
सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला.
"शाळेला जा. उशीर होतोय."

पुढं कितीतरी वर्षांनी पेपरात आलं,
ते काचेखालचं आजोबाही हललं होतं,
धुळीच्या कणाएवढं, पण हललं. त्याला निवृत्त केलं.
त्याच वर्षी ऑगस्टात
जयंती नाल्यातून उलटी चढत नदी दुकानात आली
आणि आठ दिवस राहिली.
गाळातून आम्ही काढले सतरा काटे, एक देव्हारा (शेजारच्यांचा),
कुणाचं तरी डाव्या पायाचं पायताण,
आणि ती पेटी, मखमल फुगून मेलेल्या माशासारखी.
कचेरीनं शेरा दिला:
कमी भरते. प्रमाण म्हणून वापरू नये.

मी रडले. आप्पा नाही रडले.
त्यांनी ते खिडकीत ठेवलं, उघड्या शास्त्रावर,
पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून.
चिमटा न घेता, चक्क हातानं.

सीपीआरमध्ये शेवटच्या आठवड्यात
रोज वजन करायचे.
त्रेचाळीस. बेचाळीस.
एक्केचाळीस झाले त्या सकाळी
त्यांनी नर्सला विचारलं, "काटा तपासलाय का बाई?"
ती हसली. मग काट्याकडंच बघत म्हणाले,
"बरोबर आहे त्याचं. कमी मी झालोय. तो नाही."
तो म्हणजे काटा, की कोण,
मी विचारलं नाही. मला वाटलं अजून वेळ आहे.

आज पुन्हा फोन थरथरतोय:
राजाराम बंधारा एकोणचाळीस फूट, वाढ सुरूच.
गुजरीत सोन्याचा भाव दुपारनंतर वेगळा.
जावयाची कंपनी बंद होणार, की नाही होणार.
कालचं खरं आज सकाळी मागे घेतलं.
माझा विश्वास म्हणाल तर तोही
ओल्या गुळासारखा,
पावसात जड, उन्हात हलका,
त्याच्या भरवशावर मी पैज लावणार नाही.

पण तो कमी भरतो
हे मला कळतं ना?
कशाच्या तुलनेत कळतं?

मध्यरात्री खिडकीशी जाते.
पितळ हिरवं पडलंय, शिक्का वाचता येत नाही.
त्याच्याखाली तेच पान, तीच ओळ,
पूर येण्याआधीची आणि नदी असण्याआधीची.
मी अंधारात पुन्हा विचारते, दहा वर्षांच्या आवाजात,
आणि त्याचं?

पंखा फिरतो. पान हलत नाही.
बाहेर कुणीतरी ओटे रिकामे करतंय,
पोत्यांवर पोती चढल्याचा आवाज.
मी पायात चपला अडकवते
आणि खाली हात लावायला जाते.
उशीर होतोय.