राखखिंडीतला पूल

पंख यायच्या आधी
राखखिंड ओलांडायला अठरा मिनिटं लागायची.
घोडा असला तर अकरा.
लांडगे मागे लागले तर किती,
ते लांडग्यांनाच ठाऊक.

खिंडीच्या तोंडाशी एक लाकडी पूल.
अजूनही आहे, खेळातलं लाकूड कुजत नाही.
एकट्यानं पुढे जायची कुणाची छाती नव्हती,
म्हणून सगळे तिथे थांबायचे, सोबत मिळेपर्यंत.
मी मासे भाजत बसायचो,
खोटे मासे, खोट्या विस्तवावर,
आणि इकडे फेरो बेटांवरच्या माझ्या घराचा पत्रा
खरा वारा सोलून काढत असायचा.

तिथेच इरासेमा भेटली.
तिची ढाल फुटलेली, माझे बाण संपलेले.
"चालायचं?" तिनं टाईप केलं.
पलीकडे पोचेपर्यंत मला कळलं होतं
की ती चिलीतल्या वाल्दिव्हियाची,
इस्पितळात रात्रपाळीला असते,
आणि तिला लांडग्यांपेक्षा
वॉर्डातल्या फोनची जास्त भीती वाटते.

मग एका बुधवारी, दुरुस्तीनंतर, पंख आले.

खोटं कशाला बोलू, मीही उडालो.
पहिल्या दिवशी तर जेवायचंही विसरलो.
वरून पाहिलं तर
डोंगरांना पाठच नव्हती.
राजवाड्याची फक्त दर्शनी भिंत,
मागे नुसता करडा रंग.
इतकी वर्षं आम्ही ज्याला भ्यायलो
तो पुठ्ठा होता,
आणि चालणाऱ्याला ते कधीच दिसलं नसतं.

पूल ओस पडला.
आता त्यावरून सावल्या जातात,
मान वर करेपर्यंत गेलेल्या.
लांडगे ठरल्या वेळी येतात,
ठरल्या जागी गुरगुरतात,
कुणीच नसतं.

मी चिडून इरासेमाला लिहिलं,
पंखांनी जगाचा नकाशा करून टाकला.
ती म्हणाली,
"मला रात्रीतून चाळीस मिनिटं मिळतात, र्‍योग्वी.
जाऊन-येऊन छत्तीस तुझ्या खिंडीला देऊ?
तुला वाट आवडते,
कारण तुला वेळ आहे."

वेळ होता खरा.
त्याच हिवाळ्यात आमच्या बेटाला
समुद्राखालून बोगदा मिळाला होता
आणि माझी बोट बंद झाली होती.
बावीस वर्षं तिच्या डेकवर दोर बांधले.
अर्ध्या तासाच्या त्या पाण्यावर
लोकांनी सोयरिकी जुळवल्या, मेंढ्या विकल्या,
कॉफी सांडली, भांडणं मिटवली.
आता गाड्या काचा वर करून
समुद्राच्या पोटातून सुसाट जातात.
हे मी कुणालाही ऐकवायचो,
भावालाही.

जानेवारीत भावाच्या छातीत कळ आली.
वर असं वादळ,
की कुठल्याही कप्तानानं दोर सोडला नसता.
रुग्णवाहिका खालून गेली.
भाऊ आता सुकवलेलं मटण चावत
मला शिव्या देतो,
आणि बोगद्याचा विषय निघाला
की मी खिडकीबाहेर बघतो.

तरी पुलावर जातो.
सवय म्हणा.

परवा पहाटे एक सावली गेली नाही.
गोल फिरली, उतरली,
पंख मिटून विस्तवाशी बसली.
"तेरा मिनिटं आहेत," इरासेमा म्हणाली. "चालायचं?"

तेरा मिनिटांत खिंड होत नाही
हे दोघांनाही माहीत होतं.
चाललो.
तिनं वॉर्डातल्या एका म्हातारीचं सांगितलं,
जी रोज रात्री चपला मागते,
घरी जायचंय म्हणून.
मी बोटीच्या भोंग्याबद्दल सांगत होतो,
तो आता शाळेच्या अंगणात ठेवलाय,
पोरं त्यात खडे टाकतात.
वाक्य अर्धंच होतं
आणि ती दिसेनाशी झाली.
फोन वाजला असणार.

ऐन मधोमध उभा होतो,
मागे नऊ मिनिटं, पुढे नऊ.
लांडगे आले.
इतक्या दिवसांनी माणूस दिसल्यासारखे
धावतच आले.

पंख पाठीवर होते.
एक बटण.

त्यावर बोट ठेवून
मी त्यांना जवळ येऊ दिलं.