साधी गाठ

आईने कॉफी सोडली तेव्हा गल्लीला कळलं,
काहीतरी बिनसलंय.
मिनेसोटाच्या या खाणगावात
फिनिश बाई एक वेळ चर्च सोडेल.

डाव्या छातीत
ओल्या वाटाण्यांची पुरचुंडी असावी तसं काहीतरी,
पाळीच्या आधी ठणकायचं, नंतर निवायचं.
घरात ती बोलली नाही.
बोलली सॉनात,
जिथे वाफेत कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही.
"मलाही आहे," वरच्या फळीवरून ट्यूने.
"मला होतं," म्हातारी हिल्या,
आणि बर्चच्या डहाळीने पाठ झोडपत राहिली.

मग ट्यूनेने बाटली दिली.
इ-जीवनसत्त्व, चारशे युनिट.
खिडकीशी धरली तर गोळीतून
बाहेरचं बर्फ पिवळं दिसायचं.
हिल्याच्या काळी कोबीचं पान ठेवत,
ट्यूनेच्या काळी ही गोळी, आणि कॉफी बंद.
औषध बदललं. सांगायची जागा तीच,
अंधारी, गरम, बायकांची.

डुलुथच्या डॉक्टरने सुई घालून पाणी काढलं.
म्हणाला, साधी गाठ आहे.
गोळ्यांचं विचारलं तर म्हणाला,
गुण येतो असा पुरावा नाही.
परतताना गाडीत आई म्हणाली,
"पुरावा नाही म्हणाला.
बंद कर, असं कुठे म्हणाला?"

सात वर्षं घेतल्या तिने.
पाळी गेली, ठणकाही गेला.
यश गोळ्यांच्या नावावर जमा.

बाबांनी कधीच काही विचारलं नाही.
त्यांच्या दफनाच्या दिवशी
खाणीतला एकजण मला म्हणाला,
तुझ्या बापाच्या थर्मासात
सात वर्षं नुसतं गरम पाणी असायचं.
आम्ही हसायचो. आर्वो म्हणायचा,
घरी वास न्यायचा नाही.

आई तेव्हा स्वयंपाकघरात
पाहुण्यांचे कप विसळत होती.
मी तिला सांगितलं नाही अजून.

आता माझ्या छातीत, डावीकडेच.
फोटो काढून झाला, सुई झाली.
साधी, म्हणाली डॉक्टरीण, वयाने माझ्याहून लहान.
गोळ्यांचं मी विचारलंच नाही.

शनिवारी सॉनात नव्वदीच्या ट्यूनेने
वाफेतून हात पुढे केला,
हातात बाटली.
नाही म्हणायला तोंड दिसावं लागतं.

रोज सकाळी एक घेते,
कॉफीबरोबर.